रेफर केल्यानंतरचं काम : कॅन्सरच्या पेशंटला फॅमिली डॉक्टरने सोबत कशी करावी

संध्याकाळच्या ओपीडीत एक काका आले. साठीच्या पुढचे, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत लॅबचे रिपोर्ट. समोर बसले आणि म्हणाले, "बीपी बघा हो डॉक्टर, जरा गरगरतंय." मी पट्टा बांधला. खुर्चीमागे त्यांची मुलगी उभी होती. ती मला डोळ्यांनी खुणावत होती, काही सांगू नका, काही सांगू नका. बीपी 130-80 निघालं. मुलगी केसपेपरचे पैसे द्यायला बाहेर गेली तेवढ्यात काका खालच्या आवाजात म्हणाले, "गाठ कसली आहे ते मला कळलंय डॉक्टर. पोरीला बोलू नका. तिचं लेकरू लहान आहे, ती घाबरंल."

बीपी हे निमित्त होतं. काका बोलायला आले होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात मी 27 वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. कॅन्सरचा संशय आला की चिठ्ठी लिहायची, मोठ्या दवाखान्यात पाठवायचं आणि तो पेशंट आता "तिकडचा" झाला असं मनाशी धरायचं, हे मी कितीतरी वर्षं केलं. सहा-आठ महिन्यांनी तो पेशंट परत यायचा तेव्हा निम्मा झालेला असायचा. मधल्या काळात घर कर्जात बुडालेलं असायचं, सुनेचं आणि सासूचं बोलणं बंद झालेलं असायचं. ऑपरेशन, किमो, रेडिएशन हे तिकडचे डॉक्टर उत्तम करतात. पण तिकडच्या ओपीडीत रांग मोठी असते. तिथल्या डॉक्टरांना या माणसाची बायको कोण, जमीन किती, तो कशाला घाबरतो, हे माहीत असण्याचं कारणच नाही. आपल्याला माहीत असतं. भारतात 2022 या एका वर्षात कॅन्सरचे 14 लाखांहून अधिक नवे पेशंट निघाल्याचा राष्ट्रीय अंदाज आहे. ही माणसं आधी आपल्याच दारात येऊन गेलेली असतात.

म्हणून जी पद्धत मला हळूहळू बसवता आली ती पायरीपायरीने लिहितो. यात महागडं काही नाही आणि वेगळी डिग्रीही लागत नाही.

आधी वेळ आणि वही

साठ-सत्तर पेशंटच्या ओपीडीत हे जमायचं कसं? ओपीडीत जमत नाही, हे मान्य करून टाका. मी गुरुवारी दुपारी साडेतीन ते साडेचार हा तास बाजूला काढला. कंपाउंडरला सांगून ठेवलंय की त्या तासात ताप-खोकला आत सोडायचा नाही. एका वेळी दोन पेशंट, फार तर तीन. इमर्जन्सी आली तर तास मोडतो, पण महिन्यातून तीन गुरुवार तरी पाळला जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे दोनशे पानी वही. एका पेशंटला एक पान. त्यावर निदान तर लिहायचंच, पण त्याखाली हेही लिहायचं: पेशंटला आजाराबद्दल काय माहीत आहे (त्याच्याच शब्दांत), घरात निर्णय कोण घेतं, सोबत कोण जातं, फोन कोण उचलतं, रेशनकार्ड कोणत्या रंगाचं, किमोच्या तारखा कोणत्या. शेवटचा रकाना आपल्यासाठी: पुढचा फोन कधी. या रकान्यामुळे माझं निम्मं काम होतं, कारण पेशंट आपणहून फोन करत नाही. "डॉक्टरांना कशाला त्रास" म्हणून थांबतो.

पहिली पायरी : संशय आला त्या दिवशी

तोंडातला पांढरा चट्टा, स्तनातली गाठ, पाळी गेल्यावर परत सुरू झालेला रक्तस्राव. असं काही दिसलं की आपला चेहरा बदलतो आणि पेशंट तो वाचतो. मग "काही नाही, एकदा दाखवून या" म्हणणं म्हणजे त्याला रात्रभर तळमळत ठेवणं. मी सरळ बोलतो: "मावशी, ही गाठ साधी असू शकते, कॅन्सरचीही असू शकते. तुकडा काढून तपासल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही. तपासणी या आठवड्यात करू."

लगेच प्रश्न येतो, सुई टोचली की पसरतो म्हणतात ना? हा समज इतका घट्ट आहे की त्याचं उत्तर न विचारताच द्यावं. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. तुकडा न काढता घालवलेले महिने त्याला पसरायला मिळतात. गावात कुणाला तरी "चाकू लागला आणि महिन्यात गेला" असं झालेलं असतं. त्या माणसाचा आजार मुळातच पुढे गेलेला होता, हे त्याचं नाव निघेल तेव्हा शांतपणे सांगायचं. चिडायचं नाही. चिडलो की पेशंट थेट जडीबुटीवाल्याकडे जातो आणि परत येताना लाजेने आपल्याकडे येत नाही.

चिठ्ठीत नुसतं "संशयित कॅन्सर, पुढील तपासणीसाठी" एवढं लिहू नका. शुगर-बीपीची औषधं, आधीची ऑपरेशनं, व्यसन आणि एक ओळ घरच्या परिस्थितीची लिहा: "विधवा, एकट्या राहतात, मुलगा पुण्यात कंपनीत, निर्णय भावाला विचारून घेतात." ही ओळ तिकडच्या समाजसेवा विभागाला फार उपयोगी पडते. बायोप्सी गावाकडे झाली असेल तर रिपोर्टच्या कागदासोबत लॅबमधून काचपट्ट्या आणि ब्लॉकही (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्यायला लावा. मोठ्या केंद्रात ते पुन्हा तपासतात. ते नसले की माणूस मुंबईहून हात हलवत परत येतो आणि एक खेप, एक मुक्काम, चार दिवसांची मजुरी वाया जाते.

पाठवायचं कुठे, हाही आधाराचाच प्रश्न आहे. परळचं टाटा मेमोरियल 1941 पासून उभं आहे आणि लोकांच्या मनात कॅन्सर म्हणजे टाटा हे समीकरण पक्कं बसलंय. पण किमोच्या सहा खेपा किंवा सहा-सात आठवड्यांचं रेडिएशन घराजवळ झालं तर पेशंटच्या उशाशी माणूस राहतो आणि घरची चूलही चालू राहते. आमच्या भागात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. विदर्भात नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. उपचारांच्या पद्धती सगळीकडे सारख्या असाव्यात म्हणून 2012 साली नॅशनल कॅन्सर ग्रिड हे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं सुरू झालं. अवघड केस असेल तर एकदा टाटात दाखवून योजना ठरवायची आणि रोजचे उपचार जवळ घ्यायचे, असंही करता येतं. पेशंटला हा पर्याय आहे हेच कुणी सांगत नाही. ते आपण सांगायचं.

दुसरी पायरी : "त्यांना सांगू नका" याचं काय करायचं

यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण बाकीचं पुष्कळ काही इथे अडकून बसतं.

नातेवाईक दवाखान्यात पेशंटच्या आधी शिरतात. थोरला मुलगा दार लोटून घेतो आणि म्हणतो, "आप्पांना काही सांगू नका डॉक्टर, खचतील." तो खोटेपणा करत नसतो. बापाला जपायची त्याला तेवढी एकच रीत माहीत असते. त्याला नियम ऐकवून गप्प करू नये आणि "बरं, नाही सांगत" असा शब्दही देऊ नये. मी त्याला बसवतो आणि तीन प्रश्न विचारतो.

पहिला: "सांगितलं तर काय होईल असं वाटतं?" इथे खरी भीती बाहेर येते. शेजारच्या कुणी विहीर जवळ केलेली असते, नाहीतर आप्पांना आधी हार्टचा त्रास झालेला असतो.

दुसरा: "आप्पांना काय वाटतंय, त्यांनी काही विचारलं का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "परवा म्हणत होते, माझं काही खरं नाही."

तिसरा: "किमोच्या संमतीपत्रावर सही त्यांनाच करायची आहे. वॉर्डात चारी बाजूला कॅन्सरचेच पेशंट असतील, दारावर पाटी असेल. त्यांनी ते तिथे वाचून कळून घ्यावं, की घरच्यांच्या समोर कळावं?"

मग माझा प्रस्ताव ठेवतो: "मी आपणहून काही लादणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर खोटं बोलणार नाही. तुम्ही शेजारी बसा." एवढ्यावर बहुतेक मुलं तयार होतात. काही होत नाहीत, त्यांना दोन दिवस देतो आणि तिसऱ्या दिवशी मीच फोन करतो.

प्रत्यक्ष सांगताना कॅन्सरतज्ज्ञांनी 2000 साली मांडलेली "स्पाइक्स" नावाची सहा पायऱ्यांची पद्धत मी वापरतो. आपल्या भाषेत ती अशी: जागा निवांत करा, पेशंटला काय माहीत आहे ते आधी त्याच्याकडून ऐका, किती जाणून घ्यायचंय ते विचारा, थोडं थोडं सांगा, भावना आली की थांबा, शेवटी पुढचं पाऊल ठरवा. यातली दुसरी आणि पाचवी पायरी आपल्या हातून नेहमी सुटते.

त्या काकांच्या बाबतीत झालं ते असं. गुरुवारी दोघांना बोलावलं. पंखा चालू, मोबाइल ड्रॉवरमध्ये, मी टेबलाच्या पलीकडून उठून त्यांच्या बाजूच्या स्टुलावर बसलो.

"काका, बार्शीला काय म्हणाले ते तुमच्या तोंडून ऐकू द्या."

"गाठ आहे म्हणाले. औषधं लागतील म्हणाले."

"ती गाठ कसली असेल असं तुम्हाला वाटतं?"

काका लेकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कॅन्सरच आहे ना?"

"हो काका. कॅन्सर आहे."

त्यानंतर मी काही बोललो नाही. मुलगी रडायला लागली आणि काकांनी खांद्यावरचा पंचा काढून तिच्या हातात दिला. असेल दीड-दोन मिनिटांची शांतता. ती भरून काढायला आपली जीभ वळवळते: "घाबरू नका, आजकाल सगळं बरं होतं." ते बोलू नका. "काही होत नाही तुम्हाला" हे वाक्य तर कधीच नको, कारण पुढे काही झालं की पेशंटचा आपल्यावरचा भरवसा जातो. काका स्वतःच पुढे म्हणाले, "मग आता कवा जायचं?" तेव्हा आम्ही तारखांवर आलो.

"किती दिवस आहेत माझे?" हा प्रश्न आला तर आकडा देऊ नका. "हा प्रश्न आज का मनात आला?" असं विचारा. पुष्कळदा त्यामागे मुलीचं लग्न असतं, बक्षीसपत्र असतं, नाहीतर नातवाची मुंज. जे करायचंय ते लवकर करून घ्यावं की थांबलं तरी चालेल, एवढं आपण प्रामाणिकपणे सांगू शकतो.

आणि पेशंटने खरंच "मला नका सांगू, पोराला सांगा" असं म्हटलं, तर तोही त्याचा हक्क आहे. फक्त ते त्याच्या तोंडून यावं. तसं वहीत लिहून ठेवावं आणि महिन्याभराने पुन्हा एकदा विचारावं, कारण मन बदलतं.

तिसरी पायरी : पैसा, प्रवास, मुक्काम

मनाच्या गोष्टी पैशाच्या चिंतेपुढे ऐकूच येत नाहीत. मी आता पहिल्या भेटीतच रेशनकार्डाचं विचारतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रेशनकार्डधारक कुटुंबांना लागू आहे. वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात आणि त्यात कॅन्सरची ऑपरेशनं, किमो, रेडिएशन येतं. हेल्पलाइन 155388. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या माणसाचा, टेबल असतो. पेशंटला एकच वाक्य पाठ करायला लावा: "ॲडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राला भेटायचं." आधी रोख भरलं की ते परत मिळवणं फार कठीण. दुसरं नेहमी आडवं येतं ते म्हणजे रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही, नाहीतर सुनेचं नाव कार्डावर चढवलेलंच नसतं. ते तालुक्यालाच दुरुस्त करून घ्यायला सांगा. मुंबईत बसून ते होत नाही.

योजनेत न बसणाऱ्यांसाठी धर्मादाय रुग्णालयं आहेत. महाराष्ट्रात ट्रस्टच्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जवळ हवा. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीसाठीही तोच दाखला लागतो, म्हणून तो आधीच काढून ठेवावा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सरचे गरजू पेशंटही बसतात. अर्ज तहसील कार्यालयात.

उपचारांसाठी किंवा तपासणीसाठी प्रवास असेल तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ आहे आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. फॉर्मवर रुग्णालयाचा सही-शिक्का लागतो. तिथून निघतानाच तो घ्यायला लावा. एसटीतही सवलत आहे, आगारात चौकशी करावी.

मुंबईत राहायचं कुठे हा गावाकडच्या माणसाचा सगळ्यात मोठा धसका. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळला नाना पालकर स्मृती समिती ही दोन नावं मी चिठ्ठीच्या मागेच लिहून देतो. जागा भरलेली असू शकते, म्हणून टाटातल्या समाजसेवा विभागाला पहिल्या दिवशीच भेटायला सांगतो. तिथे आणखी पत्ते मिळतात. इंडियन कॅन्सर सोसायटी 1951 पासून आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन 1969 पासून मुंबईत काम करतात. औषधं, समुपदेशन, बरे झालेल्या पेशंटशी गाठ घालून देणं, अशी मदत तिथून मिळते.

शेत विकण्याआधी किंवा दागिने गहाण टाकण्याआधी मला एकदा फोन करा, असं मी प्रत्येक घराला सांगून ठेवलंय. दोन घरांनी केला. दोन्ही वेळा योजनेतून काम झालं.

चौथी पायरी : उपचार चालू असताना

तारखा वहीत आहेतच. पहिल्या किमोनंतर तिसऱ्या दिवशी फोन करायचा. दोन मिनिटं पुरतात: "जेवण जातंय का, झोप लागते का, उलट्या किती, सोबत कोण आहे?" त्या फोनचं मोल मला एका शिक्षकांच्या बायकोने सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमचा फोन येणार म्हणून हे अंघोळ करून बसले होते."

याच फोनवर एक इशारा न चुकता द्या. किमोनंतर, विशेषतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, 100.4 किंवा त्याहून जास्त ताप आला तर क्रोसिन घेऊन घरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, संसर्ग झटकन वाढतो. हे आधी माहीत असलं की ताप आल्यावर घर गडबडत नाही.

केस जाणार हे बायकांना आधी सांगा, आणि औषध थांबल्यावर बहुतेकांचे परत येतात हेही सांगा. केस जायच्या आधीच स्वतःहून बारीक करून घेतले तर उशीवर पुंजके बघायची वेळ येत नाही. तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर माणूस आरसा टाळतो, पंगतीत बसत नाही, कारण लाळ गळते आणि घास सांडतो. अशा पेशंटला मी माझ्यासमोर चहा घ्यायला लावतो. बशीत ओतून, हळूहळू, सांडला तर सांडू दे. चारचौघांत घास घ्यायची पहिली खेप दवाखान्यात झाली की घरी सोपी जाते. लघवी-संडासची पिशवी बसवलेल्या पेशंटशी वासाबद्दल आणि लग्नसमारंभाला जाण्याबद्दल आपणच विषय काढावा. तो काढणार नाही.

तरुण पेशंट असेल तर किमो सुरू होण्याआधी मूल होण्याचा विषय निघाला का, हे विचारा. वीर्य किंवा बीजं साठवून ठेवायची तर ती आधीच, नंतर उपयोग नाही. घाईत हे राहून जातं.

पाचवी पायरी : मनाची चौकशी, नेमक्या प्रश्नांनी

"बाकी बरं आहे ना?" या प्रश्नाला मराठी माणूस "हो" म्हणतो. म्हणून मोजून विचारा. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं किती दिवस झालं? उदास, निराश किती दिवस वाटलं? दोन्हीची उत्तरं "बरेच दिवस" किंवा "रोज" अशी आली तर पुढची सविस्तर चौकशी हवी. दुसरं साधन म्हणजे त्रासाचा थर्मामीटर. शून्य ते दहा अशी उभी रेघ कागदावर काढायची आणि "गेल्या आठवड्यात जिवाला किती त्रास झाला?" म्हणून बोट ठेवायला सांगायचं. चार किंवा वर असेल तर कशाचा, ते विचारायचं. उत्तर अनेकदा आजाराचं नसतं. एका मावशींनी आठवर बोट ठेवलं. कारण विचारलं तर म्हशीची धार काढायला घरात कोणी नव्हतं.

आत्महत्येचा विचार थेट विचारावा. विचारल्याने तो मनात शिरत नाही. "इतका त्रास होतोय, तर जगणं नको असं मनात येतं का? काही करून घ्यावं असं?" निदानानंतरचे पहिले आठवडे आणि महिने जास्त जपायचे. उत्तर "हो" आलं तर त्या दिवशी पेशंटला एकटं घरी जाऊ द्यायचं नाही. घरच्यांना विश्वासात घ्यायचं, फवारणीची औषधं आणि साठवलेल्या गोळ्या घरातून हलवायला लावायच्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना स्वतः फोन लावायचा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात. तो केसपेपरवर लिहून द्या.

उदासी दिसली की गोळी लिहिण्याआधी थोडी डॉक्टरकी करावी लागते. दुखणं नीट आवरलेलं नसेल तर कोणीही उदास होईल. मानेच्या रेडिएशननंतर थायरॉइड मंदावतो आणि पेशंट सुस्त, निराश दिसतो, टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. किमोसोबतच्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते. डोस सकाळी देता येतो का ते तिकडच्या डॉक्टरांना विचारा. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडने जिवाची घालमेल होते, एका जागी बसवत नाही, आणि आपण तिला चिंता समजून बसतो. शांत पडून राहणारा, विसंगत बोलणारा म्हातारा पेशंट "डिप्रेशन" म्हणून सोडू नका. कॅल्शियम, सोडियम, संसर्ग बघा.

नैराश्याचं औषध लागलंच तर स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन टाळा, त्यांनी टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटतो. एस्सिटॅलोप्राम त्या मानाने बरं. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात हे आधीच सांगा. झोपेसाठी अल्प्राझोलाम लिहून देण्याची आपल्याला सवय आहे. मॉर्फिन या तीव्र दुखण्यावरच्या औषधावर असलेल्या पेशंटमध्ये दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो, तिथे हात आखडता घ्या.

सहावी पायरी : घर

निदान झाल्यावर पंधरा दिवसांत एकदा घरी जावं. ताट-वाटी वेगळी केली आहे का, नातवंडांना जवळ येऊ देतात का, हे दवाखान्यात कळत नाही. एका घरात आजींची बाज गोठ्याशेजारी हलवलेली होती, "लागण" नको म्हणून. मी काही भाषण केलं नाही. आजींच्या तांब्यातलं पाणी मागून प्यालो आणि मग सुनेला सांगितलं की कॅन्सर शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. पुढच्या खेपेला बाज ओसरीवर होती.

दोष देणं हा दुसरा आजार. "तंबाखू खाल्लीस, भोग आता." हे पेशंट स्वतःला रात्रंदिवस म्हणतच असतो. घरच्यांना एवढंच सांगावं की व्यसन सोडायला मदत करा, हिशेब मांडू नका. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं जातं. ज्या विषाणूमुळे तो बहुतांश वेळा होतो तो शरीरसंबंध आलेल्या बहुसंख्य माणसांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, हे नवऱ्याला समोर बसवून सांगावं लागतं. स्तनाच्या ऑपरेशननंतर बायकोला माहेरी ठेवून घेणारे नवरे मी पाहिले आहेत. उपचारांत काय झालं आणि जवळ यायला हरकत केव्हापासून नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. विचारायची लाज वाटते. ते आपण दोघांना एकत्र बसवून बोलावं.

लहान मुलांना "आई गावाला गेली" असं सांगू नये. आई आजारी आहे, आजाराचं नाव हे, औषधाने केस जातील, तुझ्यामुळे हे झालेलं नाही. एवढं सहा वर्षांच्या मुलालाही समजतं. शेवटचं वाक्य विसरू नका.

आणि सोबत करणारी व्यक्ती. ती बहुधा बायको, सून किंवा मुलगी असते, आणि तिच्या नावाचा केसपेपरच नसतो. तिला दर महिन्याला पाच मिनिटं एकटीला भेटा. "तुम्ही कधी झोपता?" एवढं विचारलं तरी पुढचं ती बोलते. नणंद किंवा शेजारीण आठवड्यातून एक दुपार पेशंटजवळ बसली तर तिला बाजार करता येतो, देवळात जाता येतं. हे ठरवायला कधी कधी डॉक्टरांचा शब्द लागतो.

सातवी पायरी : उपचार संपल्यावर

सगळे पेढे वाटतात आणि पेशंट आणखी गप्प होतो. रोजची धावपळ थांबते आणि "परत आला तर?" सुरू होतं. दर तपासणीच्या आधीचा आठवडा वाईट जातो. साधी पाठ दुखली तरी झोप उडते. तपासणीच्या तारखेआधी पेशंटला बोलवा, पाठ खरंच तपासा, कोणत्या लक्षणाला दोन आठवडे वाट बघायची आणि कोणत्याला लगेच यायचं ते कागदावर लिहून द्या. कामावर परतणाऱ्यांसाठी सुरुवातीला हलकं काम मिळावं असं पत्र द्या. थकवा महिनोन्‌महिने राहतो आणि लोकांना तो आळस वाटतो.

आठवी पायरी : बरं होणार नाही हे कळल्यावर

"आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या." एका पेशंटबद्दल हे ऐकून आलेलं घर माझ्यासमोर बसलं तेव्हा मलाही काही सुचेना. आज मी म्हणतो, "गाठीवरचे उपचार थांबले. दुखण्यावरचे, झोपेवरचे, जखमेवरचे चालू राहणार, आणि ते मी बघणार."

दुखणं आधी. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन योग्य मात्रेत दिलं तर व्यसन लागत नाही, मरणही जवळ येत नाही. बद्धकोष्ठ मात्र होतो, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. 2014 साली अमली पदार्थांच्या कायद्यात बदल होऊन मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. तुमच्या जवळ ते कुठे मिळतं, हे गरज पडायच्या आधी शोधून ठेवा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, केंद्र 1997 पासून आहे. मुंबईत वांद्र्याला शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटसाठीचं शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, गोव्यातही त्यांचं सदन आहे. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत पॅलिएटिव्ह केअरची सोय आहे.

शेवट कुठे व्हावा, हे पेशंटला विचारा. बहुतेक म्हणतात, घरी. मग घरच्यांना आधी सांगून ठेवा: जेवण कमी होईल, झोप वाढेल, श्वास मध्येच थांबेल, घशात घरघर होईल. ती घरघर आपल्याला ऐकवत नाही, पण त्याला तेवढा त्रास होत नसतो. बळेच पाणी पाजू नका, ओठ ओले करा, बोलत राहा. हे माहीत नसलं की शेवटच्या रात्री घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावतात आणि माणूस रस्त्यात जातो. घरी मृत्यू झाल्यावर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, नमुना 4अ, उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचं असतं. कितीही वाजता फोन करा, मी येईन, असं आधीच सांगा. पहाटे चारला त्या घराला कागदासाठी वणवण करायला लावू नका.

तेराव्यानंतर पाहुणे पांगतात. साधारण तिसऱ्या आठवड्यात एकदा त्या घरी जाऊन या. उरलेलं मॉर्फिन घरात ठेवू नका, जिथून आणलं तिथे परत पाठवा. त्या काकांच्या घरी मी गेलो तेव्हा काकूंनी गोळ्यांची पाकिटं, थर्मामीटर आणि तारखांचा कागद, सगळं एका डब्यात नीट भरून ठेवलेलं होतं. चहा झाला. मी बॅगेतून पट्टा काढला आणि त्यांचं बीपी घेतलं. 170-100. वर्षभरात कुणी बघितलंच नव्हतं. गुरुवारी साडेतीनला या म्हटलं, आणि दवाखान्यात आल्यावर वहीचं नवं पान काकूंच्या नावाने उघडलं.